माळ्याची खोली करताना

कामोठे गावठाणातल्या आमच्या बचत गटाकडे मागे एक कर्जमागणी आली. कौलारू घर, माणसं सहा, खोल्या दोन, मुलगी बारावीला. "माळा मोकळा करून तिला अभ्यासाची खोली करते," आमची सभासद म्हणाली. खर्चाच्या यादीत लाद्या होत्या, सिलिंग होतं, रंग होता. तुळयांचं आणि जिन्याचं नावच नव्हतं. म्हणून आम्ही चौघी मोजपट्टी घेऊन तिच्या घरी गेलो. तिथे जे कळलं ते आज सांगतो.

आपल्याकडे माळा बांधला तो भात, कांदे, लाकूडफाटा ठेवायला. तिथे माणूस राहायचा तर चार गोष्टी आधी बघाव्या लागतात.

पहिली, भार. राहत्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार पेलेल अशी धरतात. खालून बघा, तुळई मध्ये वाकली आहे का? भिंतीत शिरते तिथे सुरीचं टोक टोचून बघा. सहज आत गेलं तर लाकूड वाळवीने किंवा ओलीने पोखरलेलं आहे. या घरात दोन तुळया अशाच निघाल्या. त्यांवर लाद्या बसवल्या असत्या तर ओझं आणखी वाढलं असतं. जमिनीला फळ्याच बऱ्या. लोखंडी तुळई घातली तर तिला आधी रेड ऑक्साइड लावून घ्या, कारण इथे खाडीची दमट हवा आहे. कोणती तुळई किती जाडीची, हे मात्र इंजिनिअरलाच विचारा.

दुसरी, उंची. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या खोलीला निदान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट उंची लागते. उतरत्या छपराखाली सरासरी तेवढी भरावी. छपराकडेच्या बुटक्या भागात पेट्या, गाद्या ठेवा आणि टेबल मधल्या उंच भागात घ्या. पंखा भिंतीवरचा लावा. उंची फारच कमी असेल तर माळा सामानालाच राहू द्या. फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरावर असतो तो पोटमाळाही सामानाचाच, तिथे मुलांना झोपवू नका.

तिसरी, उष्मा. गरम हवा वर चढते, चुलीचा धूरही वर जातो. म्हणून समोरासमोर दोन झरोके हवेत, एक छपराच्या टोकाजवळ. उजेडासाठी एकदोन काचेची कौलं बसवा. पत्रा असेल तर वरून पांढरा परावर्तक रंग द्या. अहमदाबादच्या वस्त्यांत महिला हाउसिंग ट्रस्टने बायकांना सोबत घेऊन अशी छपरं रंगवली आहेत. खालून थर्माकोल लावू नका, तो पटकन पेट घेतो.

चौथी, जिना. उभी शिडी रात्री झोपेत उतरताना घात करते. पायरी साडेसात इंचांहून उंच नको, पाय ठेवायला दहा इंच जागा हवी आणि हाताला कठडा हवा. जिना चुलीजवळून काढू नका. आग लागली तर उतरायची वाटच बंद होईल. वायरिंग नवीन करा, जुन्या वायरला जोड देऊ नका.

छप्पर उचलायचं असेल किंवा भिंत वाढवायची असेल तर आधी परवानगी. कामोठे २०१६पासून पनवेल महानगरपालिकेत आहे. तुमच्याकडे ग्रामपंचायतीत चौकशी करा.

शेवटी आम्ही यादी उलटी केली आणि कर्ज दोन टप्प्यांत दिलं. आधी तुळया, जिना, झरोके. ते काम बघून आल्यावर वायरिंग आणि फळ्या. लाद्या, सिलिंग गळालं, कर्जही कमी झालं. मुलगी आता वर बसून अभ्यास करते आणि तिची आजी कठडा धरून चहा घेऊन वर जाते.

तुमच्या गटात घरकामासाठी कर्ज मागायला कुणी आली, तर तिला नाही म्हणू नका. पण सही करण्याआधी तिच्या घरी जाऊन तिच्यासोबत वर चढून बघा.