खारेपणाची खातरजमा
पुण्याला समुद्र नाही, पण पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पान समुद्रावाचून हलत नाही. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘मान्सून मिशन’चे मॉडेल वातावरण आणि समुद्र एकत्र जोडूनच पावसाचा अंदाज काढते. हिंदी महासागराचा पृष्ठभाग १९५० पासून दर दशकाला सुमारे ०.१२ अंश सेल्सिअसने तापतो आहे. इतका बारीक फरक पकडायचा, तर पाण्यात सोडलेल्या उपकरणावर कितपत विश्वास ठेवायचा हे आधी कुणीतरी तपासलेले हवे. ते तपासतो संशोधन नौकेवरचा तंत्रज्ञ. त्याला शास्त्रज्ञांचा मदतनीस समजण्याची आपली रीत मला चुकीची वाटते. मोजमापाचा निम्मा भार त्याच्यावरच असतो. ‘सागरकन्या’सारख्या नौकेवरून तारेने खाली सोडलेले सीटीडी यंत्र तापमान, दाब आणि पाण्याची विद्युतवाहकता मोजते, त्यावरून क्षारता काढतात. यंत्राभोवतीच्या बाटल्या ठरावीक खोलीवर बंद होऊन तिथले पाणी वर आणतात. तंत्रज्ञ नमुन्याची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरतो आणि तिचे तोंड कोरडे पुसतो, कारण तिथे सुकलेले मीठ आत पडले तर आकडा फुगतो. मग हे पाणी प्रमाणित समुद्रजलाशी ताडून यंत्राची चूक ठरवायची. काम कंटाळवाणे खरेच, आणि डेक हलत असताना तर फारच.

आता समुद्रात आपोआप मोजमाप करणारी आर्गो फ्लोट ही तरंगती उपकरणे असताना माणूस कशाला, असे कुणी विचारील. आक्षेपात तथ्य आहे: हे फ्लोट दर दहा दिवसांनी २,००० मीटर खोलीपासून वर येत नोंदी घेतात आणि ऐन पावसाळ्यातल्या खवळलेल्या समुद्रातूनही त्या उपग्रहाकडे धाडतात. पण एकदा सोडलेला फ्लोट सहसा परत हाती लागत नाही, त्याच्या क्षारतेच्या नोंदी काळानुसार भरकटू शकतात आणि त्या सुधारायला आधार लागतो तो जहाजावरच्या चोख मोजमापांचा. २००६ मध्ये अमेरिकी संशोधकांनी २००३ ते २००५ या काळात समुद्राचा वरचा थर थंडावल्याचे प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी उलगडा झाला: काही फ्लोट खोली चुकीची नोंदवत होते, तर जहाजांवरून टाकायचे जुने तापमापक पाणी आहे त्याहून गरम दाखवत होते. हवामानबदलावर शंका घेणाऱ्यांना तोवर आयते कोलीत मिळाले होते. तंत्रज्ञाला पगार मिळतो, मग वेगळे श्रेय कशाला, हा दुसरा आक्षेप. पगार तर प्राध्यापकांनाही मिळतो! शिवाय प्रश्न मानपानाचा नाही. उपकरण कुणी, केव्हा आणि कशाशी ताडून पाहिले हे ठाऊक नसेल, तर वीस वर्षांनी त्या आकड्यांतली खोट शोधणार कशी? विद्यापीठांनी आपल्या सागरी मोहिमांच्या अहवालांत आणि शोधनिबंधांत ही नोंद तंत्रज्ञाच्या नावानिशी छापावी.