घर हलते तेव्हा मैदान किती सावरते?

अमेरिकेतल्या बाल्टिमोरजवळच्या एका घरात १९९४ मध्ये आई-वडिलांचा घटस्फोट झाला. तीन भावंडांतला धाकटा तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचा होता. वर्गात एका जागी न बसणाऱ्या या मुलाला ‘एडीएचडी’ असल्याचे निदानही झाले. दोन्ही मोठ्या बहिणी पोहायच्या, म्हणून तोही तलावावर जाऊ लागला होता. घर विस्कटले, तरी सराव सुरू राहिला. अकराव्या वर्षाच्या सुमारास बॉब बोमन हे प्रशिक्षक त्याला लाभले. पंधराव्या वर्षी त्याने सिडनी ऑलिम्पिकमध्ये २०० मीटर बटरफ्लाय प्रकारात पाचवा क्रमांक मिळवला आणि पुढच्याच वर्षी याच प्रकारात जागतिक विक्रम केला. हा मुलगा म्हणजे मायकेल फेल्प्स. पुढे त्याने २३ सुवर्णांसह २८ ऑलिम्पिक पदके जिंकली.

‘खेळाने त्याला तारले,’ असे या कथेचे सार सांगितले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. २०१४ मध्ये मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल त्याला अटक झाली. त्या दिवसांत आपल्याला जगावेसेच वाटत नव्हते, हे त्याने नंतर उघडपणे सांगितले. त्याने उपचार घेतले आणि त्याच काळात वडिलांशी तुटलेला संवाद पुन्हा जोडला. पोहण्याने त्याचे दुःख दाबून धरले होते, संपवले नव्हते.

शरीरात काय घडते?

घरात सततची भांडणे असतील, तर किशोरवयीन मुलाचे शरीर सावध अवस्थेतच राहते. मेंदूच्या इशाऱ्यावर अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रेनलिन स्रवतात. थोड्या वेळासाठी ही संप्रेरके उपयोगी पडतात. शर्यतीच्या आधी छातीत होणारी धडधड त्यांच्यामुळेच असते. मात्र हा ताण आठवडेच्या आठवडे टिकला, तर झोप मोडते, भूक बदलते आणि व्यायामानंतर स्नायूंची झीज भरून यायला वेळ लागतो. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. पहाटे साडेपाचला मैदानावर पोहोचणाऱ्या आणि रात्री भिंतीपलीकडचे आवाज ऐकत जागणाऱ्या मुलाला ती मिळत नाही.

याचा दुखापतीशीही संबंध आहे. क्रीडामानसशास्त्रज्ञ मार्क अँडरसन आणि जीन विल्यम्स यांनी १९८८ मध्ये ताण आणि दुखापत यांचा दुवा मांडला. मन ताणाखाली असले की स्नायू आखडतात आणि लक्षाचा परीघ आकसतो. बाजूने येणारा खेळाडू किंवा चेंडू क्षणभर उशिरा दिसतो आणि घोटा मुरगळतो. ‘हल्ली याचे लक्षच नसते,’ ही प्रशिक्षकांची तक्रार अनेकदा आळसाची नसून ताणाची असते.

दुसरीकडे, नियमित व्यायामाने नैराश्य आणि चिंतेची लक्षणे कमी होतात. त्याहून मोलाचा असतो मैदानाचा ठरलेपणा. घरात उद्या काय होईल ते ठाऊक नसते. सराव मात्र ठरल्या वेळी असतो, तेच सवंगडी आणि तीच शिट्टी.

धोक्याच्या खुणा

हाच आधार कधी पळवाट होतो. सुटीच्या दिवशीही सराव सोडवत नाही, दुखणे लपवले जाते, जेवण टाळले जाते. कामगिरी विनाकारण घसरणे, वारंवार आजारी पडणे, चिडचिड, मित्रांपासून तुटणे, पूर्वी आवडणारा खेळ नकोसा होणे, यांपैकी काही दोनेक आठवडे टिकले तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मुलींची पाळी सलग तीन महिने आली नाही, तर ‘सरावामुळे होते’ म्हणून सोडून देऊ नये. श्रमाच्या मानाने आहार अपुरा पडत असल्याची ती खूण असू शकते आणि त्यात हाडे ठिसूळ होण्याचा धोका असतो.

मोठ्यांनी काय करावे?

पालक वेगळे होण्यापेक्षा त्यांच्यातला न थांबणारा कलह मुलांना अधिक इजा करतो, असे संशोधन सातत्याने सांगते. म्हणून मुलाला निरोप्या किंवा साक्षीदार बनवू नये. सामन्याला दोघेही आले, तर गॅलरीत वाद नको. आई मुलांसह माहेरी गेली किंवा शाळा बदलली, तरी शक्यतो मैदान आणि प्रशिक्षक बदलू नयेत. स्पर्धा संपेपर्यंत घरातली बातमी लपवण्याचाही उपयोग होत नाही; मुलांना ती आधीच कळलेली असते. वयाला झेपेल अशा शब्दांत खरे सांगावे आणि ‘यात तुझी चूक नाही’ हे एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा सांगावे.

प्रशिक्षकाला घरातला सगळा तपशील नको असतो. ‘घरी सध्या अडचण आहे’ एवढे कळले, तरी तो सरावाचा भार हलका करू शकतो. त्याने पदकाची आठवण करून देण्याऐवजी ‘जेवलास का? झोप झाली का?’ एवढे विचारले तरी पुष्कळ होते. मूल स्वतःला इजा करण्याविषयी किंवा मरणाविषयी बोलले, तर ते नाटक समजू नये, त्याला एकटे सोडू नये आणि तातडीने मदत घ्यावी. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीतूनही बोलता येते.

फेल्प्सला ही मदत मिळाली तेव्हा तो २९ वर्षांचा होता. त्याची गरज त्याच्या कितीतरी आधीपासून होती.