वुडहाउस वाचताना अडताय?

पी. जी. वुडहाउसच्या विनोदी कथांमधला बर्टी वूस्टर बोलतो ती 1920च्या आसपासच्या लंडनमधल्या श्रीमंत, रिकामटेकड्या पोरांची भाषा. तिथे 'पोनी' म्हणजे 25 पौंड, 'मंकी' म्हणजे 500. पैजा लावणाऱ्यांच्या बोलीतले शब्द. 'टच' करणं म्हणजे उसने पैसे उकळणं. 'टाइट' माणूस कंजूष नसतो, झिंगलेला असतो. बोट रेसच्या, म्हणजे वल्हवण्याच्या शर्यतीच्या, रात्री पोलिसाचं हेल्मेट 'पिंच' केलं म्हणजे लांबवलं. खरी धमाल बर्टी शब्द अर्धवट तोडतो तेव्हा येते: 'एग्ज अँड बी.' म्हणजे अंडी आणि बेकन! (भुकेल्या पोटी पूर्ण शब्द कोण उच्चारणार?) त्याचा नोकर जीव्ज मात्र कायम व्याकरणशुद्ध. गंमत दोघांच्या बोलण्यातल्या या फरकात आहे, म्हणून सारखी डिक्शनरी उघडू नका. आधी दोघांचे संवाद मोठ्यानं वाचून बघा.