दृष्टी गेली, कर्ज राहिले : सावरण्याची वाट

सोयाबीनच्या मळणीपासून हळद शिजवून वाळविण्यापर्यंत हिंगोली जिल्ह्यातील शेतकरी कुटुंब सतत कामात असते. वसमतच्या हळदीला दूरवर मागणी आहे. औंढा, कळमनुरी व सेनगाव या भागांत सोयाबीन, कापूस, तूर ही पिके घराचा आधार आहेत. या कष्टाच्या दिवसांत मळणी यंत्रातून उडालेले कूस किंवा झुडपाचा काटा डोळ्यात जातो. प्रारंभी कोणी त्याची फिकीर करीत नाही. पुढे डोळा लाल होतो, बुबुळावर पांढरा डाग पडतो आणि कमावत्या मुलाची दृष्टी धोक्यात येते. कधी कारण वेगळे असते : मधुमेह, काचबिंदू, दृष्टिपटल सुटणे अथवा आनुवंशिक विकार.

अशा वेळी आई-वडिलांपुढे एकाच वेळी दोन संकटे उभी राहतात. एक मुलाच्या अंधत्वाचे, दुसरे उपचारासाठी काढलेल्या कर्जाचे. पहिल्या संकटावर नेहमीच उपाय असतो असे नाही. दुसरे मात्र बहुतांशी टाळता येते.

कोणती दृष्टी परत येते ?

डोळ्याचा कोणता भाग बिघडला, यावर सारे अवलंबून असते. मोतीबिंदूत भिंग धूसर होते. शस्त्रक्रियेने बहुधा दृष्टी परत मिळते. बुबुळावरील पारदर्शक पडदा खराब झाल्यास नेत्रदानातून मिळालेल्या पटलाचे रोपण करता येते. दृष्टिपटल सुटले असल्यास दिवस महत्त्वाचे ठरतात. विलंब झाला तर यशाची शक्यता घटते. काचबिंदूत मात्र नेत्रमज्जा नष्ट होते व गेलेली दृष्टी परत येत नाही. औषधांनी उरलेली तेवढी जपता येते.

म्हणून डॉक्टरांना तीन प्रश्न स्पष्टपणे विचारावेत. नेमका कोणता भाग बिघडला आहे ? उपचाराने गेलेली दृष्टी परत येईल, की आहे तेवढी टिकेल ? एकूण खर्च किती, व उपचार न केल्यास काय होईल ? उत्तर लेखी घ्यावे आणि शंका असल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दुसरे मत घ्यावे. नांदेड येथे असे महाविद्यालय पूर्वीपासून आहे. हिंगोली येथेही २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. दोन तज्ज्ञांनी दृष्टी परत येणार नाही असे सांगितल्यावर तिसऱ्या, चौथ्या शहरात जाण्यासाठी शेत गहाण टाकणे हे मायेपोटी घडते. परंतु तो पैसा मुलाला नव्याने उभे करण्यासाठी लागणार असतो.

डोळ्याला इजा होताच कोणाच्या सांगण्यावरून थेंब घालू नयेत. काड्या-काट्यांच्या इजेतून बुरशीचा संसर्ग होतो आणि स्टेरॉइडयुक्त थेंबांनी तो बळावतो. चुना अथवा फवारणीचे औषध डोळ्यात गेल्यास निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

कर्जापूर्वी योजना

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना व आयुष्मान भारत योजना राज्यात एकत्रितपणे राबविली जाते. २०२४ पासून तिचा लाभ सर्व शिधापत्रिकाधारकांना खुला असून कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. यादीतील ठरावीक उपचारांनाच ते लागू असते व योजना रोखरहित आहे. यासाठी भरती होण्यापूर्वीच अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका व आधारपत्रासह चौकशी करावी. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला जवळ असावा.

कर्ज घेतलेच असेल, तर सावकाराचा परवाना पाहावा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याविना सावकारी हा गुन्हा आहे. मुद्दलापेक्षा अधिक व्याज सावकाराला वसूल करता येत नाही. अवैध सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असल्यास सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. चौकशीअंती ती जमीन परत मिळू शकते. घरातील सर्व देण्यांची एक यादी करावी आणि सर्वांत महाग कर्ज प्रथम फेडावे.

मुलाचे हक्क

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार चांगल्या डोळ्याची दृष्टी चष्मा लावूनही ३/६० पेक्षा कमी असल्यास ती व्यक्ती अंध गणली जाते. त्याहून अधिक, परंतु क्षीण दृष्टी असलेल्यांसाठी ‘अल्पदृष्टी’ हा वर्ग आहे. केंद्राच्या संकेतस्थळावर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी झाल्यावर प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र मिळते. अंधत्व ४० टक्के वा अधिक असल्यास पुढील बहुतेक सवलतींचे दार याच कागदाने उघडते. एस. टी. प्रवासात ७५ टक्के सवलत मिळते. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना तहसील कार्यालयामार्फत संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे मासिक साहाय्य मिळते. दिव्यांगांसाठी ते १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. ग्रामसभेत त्याचा हिशेब विचारावा. मुलगा शासकीय सेवेत असताना दृष्टी गेली असल्यास केवळ त्या कारणाने त्याला सेवेतून काढता येत नाही किंवा खालच्या पदावर आणता येत नाही.

पुन्हा उभे राहताना

महाबळेश्वरचे भावेश भाटिया यांची दृष्टी ऐन तरुणपणी गेली. त्याच सुमारास आईच्या कर्करोगावरील उपचारात घरची पुंजी संपली. राष्ट्रीय अंधजन मंडळाच्या मुंबईतील केंद्रात त्यांनी मेणबत्त्या तयार करण्याचे शिक्षण घेतले व प्रारंभी हातगाडीवर विक्री केली. १९९४ मध्ये सुरू केलेल्या त्यांच्या ‘सनराइज कँडल्स’ने पुढे अनेक अंध व्यक्तींना रोजगार दिला.

प्रत्येकाला उद्योजक होता येईल असे नाही. पण पांढऱ्या काठीने चालणे, सहा टिंबांची ब्रेल लिपी, बोलणारा भ्रमणध्वनी व हातचे एखादे काम या गोष्टी शिकता येतात. प्रारंभीचे महिने कठीण जातात. मुलगा बोलत नाही, चिडतो, घराबाहेर पडत नाही. अशा वेळी त्याच्या ताटातील घास भरविण्यापेक्षा ताटात भाजी कोठे व भाकरी कोठे हे सांगणे अधिक उपयोगाचे. घरातील वस्तूंच्या जागा बदलू नयेत. व्यवहाराचे निर्णय त्याला विचारून घ्यावेत, देण्यांची यादीही त्याला वाचून दाखवावी. दृष्टी गेली तरी घरातील त्याचे मत जात नाही. आई-वडिलांनी ते मागत राहावे, म्हणजे मुलगा घराचा भार न राहता पुन्हा घराचा भागीदार होतो.