जुन्या पिकअपचे ब्रेक : बूस्टर बसवण्याआधी करायचा हिशेब

परंडा, भूम, बार्शी, करमाळा या टापूतला छोटा व्यापारी आजही बऱ्याच अंशी जुन्या गाडीवर धंदा करतो. सोनारीच्या चैत्री यात्रेत कापड, बांगड्या, भांडी, खेळणी यांची दुकाने लागतात. तो माल जीपच्या सांगाड्यावर बांधलेल्या पिकअपमधून, मॅटॅडोरमधून किंवा ४०७ मधून येतो. गाडी जुनी असणे हा दोष नाही. इंजिन नीट असेल तर ती घर चालवते. पण आपले बरेच व्यापारी बंधू रंग, ताडपत्री आणि टेपवर हजारो रुपये घालतात आणि ब्रेकचा खर्च मात्र "पुढच्या सीझनला बघू" म्हणून ढकलतात. त्या गाडीत मालाची गठाण असते, हमाल असतो, पुष्कळदा स्वतःचा मुलगाही असतो. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर घेतला आहे.

जीप आपल्या देशात मुंबईहून आली. १९४५ साली महिंद्रा बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. विलीज जीपची जुळणी याच कंपनीने केली. त्या जीपचे ब्रेक तिच्या काळाला आणि तिच्या वजनाला पुरेसे होते : चारही चाकांना ड्रम, एकच मास्टर सिलेंडर, एकच तेलाची वाट, आणि जोर सगळा ड्रायव्हरच्या पायाचा. आपण तिला मागे हौदा लावला, डिझेल इंजिन बसवले, दुप्पट माल भरला. ब्रेक मात्र तेच राहिले.

पायाचा जोर किती?

हिशेब सोपा आहे. पायाने ३० किलो जोर दिला आणि पेडलचा दांडा तो पाचपट करत असेल, तर मास्टर सिलेंडरवर १५० किलो जोर पडतो. सिलेंडरचा व्यास २२ मिलिमीटर असेल तर तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३९ किलो होतो. व्यास एक इंच केला तर तोच दाब ३० किलोच्या आत येतो. "मोठा मास्टर टाका, ब्रेक कडक होईल" हा गॅरेजमधला सल्ला म्हणूनच अर्धाच खरा आहे. पेडल हाताला कडक लागेल, पण गाडी थांबवायला पाय जास्त दाबावा लागेल.

इथे बूस्टरचा उपयोग होतो. आठ इंची व्हॅक्यूम बूस्टरचा पडदा पूर्ण व्हॅक्यूमवर सुमारे २०० किलोची भर घालतो. पायाचे १५० आणि बूस्टरचे २०० मिळून एक इंची मास्टरवर दाब ७० किलोजवळ जातो.

पण डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखा व्हॅक्यूम तयार होत नाही. त्यासाठी वेगळा पंप लागतो. पुष्कळ डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागे बसवलेला असतो. पंपाशिवाय बसवलेला बूस्टर म्हणजे नुसता डबा. जुन्या जीपमध्ये मास्टर पायाखाली चेसीसवर असतो, तिथे बूस्टरला जागा नसते. अशा वेळी मास्टर आणि चाके यांच्या मधल्या पाइपात बसणारा वेगळा बूस्टर सोयीचा पडतो.

दुसरा मार्ग हायड्रॉलिक मदतीचा. यात पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचे तेल दाब देते, व्हॅक्यूम लागत नाही. अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने १९७३ साली ही पद्धत आणली. बूस्टर आकाराने लहान आणि जोर भरपूर. इंजिन बंद पडले तरी साठवलेल्या दाबावर दोन-तीन वेळा ब्रेक लागतो. पण ज्या गाडीला पॉवर स्टिअरिंगच नाही, तिला पंप, पट्टा, पाइप, टाकी सगळेच नव्याने लावावे लागते. आपल्याकडच्या साध्या जीप-पिकअपला व्हॅक्यूमचाच मार्ग स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. स्टिअरिंगचे किंवा इंजिनचे तेल ब्रेकच्या टाकीत एक थेंबही जाऊ देऊ नये. त्याने रबरी वायसर फुगतात आणि सगळी यंत्रणा निकामी होते.

बूस्टर काय करत नाही

बूस्टर फक्त पायाची मेहनत वाचवतो. घासलेले लायनर, तेलाने भिजलेले बूट, घळ पडलेला ड्रम, गळका व्हील सिलेंडर यांवर तो इलाज नाही. फाटक्या थानाला चांगली इस्त्री केली म्हणून कापड नवे होत नाही.

उष्णतेवरही त्याचा इलाज नाही. तीन टनांची भरलेली गाडी ताशी ६० किलोमीटरवरून एकदा थांबवताना ब्रेकमध्ये जेवढी उष्णता तयार होते, तिच्या चौदापट उष्णता तीच गाडी २०० मीटर उंची फक्त ब्रेकवर उतरताना तयार होते. येडशीच्या बाजूचा रामलिंग घाट असो की मुंबईकडे जाताना बोरघाट, डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारा ड्रायव्हर ही सगळी उष्णता चार ड्रमांच्या माथी मारतो. लायनर तापून पकड सोडतात, तेल उकळते, पाइपात वाफ होते आणि पेडल जमिनीला टेकते. बूस्टर कितीही मोठा असो, वाफेवर त्याचा जोर चालत नाही. ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा, हा जुन्या उस्तादांचा नियम आजही खरा आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन बंद केले तर व्हॅक्यूमही दोन-तीन पेडलात संपतो.

खर्चाचा क्रम

पैसे थोडे असतील तर आधी काय करावे?

पहिले, चारही चाके उघडून लायनर, ड्रम, व्हील सिलेंडर आणि रबरी होज बघा. गळके, घासलेले सगळे बदला.

दुसरे, ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा पिते. डॉट ३ चे नवे तेल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरल्यावर ही हद्द १४० पर्यंत उतरू शकते. दोन वर्षांनी तेल बदला आणि सीलबंद डबाच घ्या.

तिसरे, दुहेरी मास्टर सिलेंडर. एकाच वाटेच्या ब्रेकमध्ये एक पाइप फुटला की चारही चाके मोकळी. दुहेरीत निदान दोन चाके हाती राहतात. माझ्या मते बूस्टरच्या आधी पैसा इथे घालावा.

चौथा नंबर बूस्टरचा. भंगारातून उचललेला, पडदा कधी फाटेल हे ठाऊक नसलेला बूस्टर घेऊ नये.

पुढे डिस्क लावायची असेल तर मास्टरही डिस्कला चालणारा हवा. ड्रमच्या मास्टरमध्ये पाइपात थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असू शकतो, त्याने डिस्कचे पॅड सतत घासत राहतात. पिकअपचा मागचा भाग रिकामा असताना हलका असतो. जोर वाढला की मागची चाके आधी जाम होऊन गाडी आडवी होते. म्हणून चाचणी भरलेल्या आणि रिकाम्या अशा दोन्ही गाडीवर घ्यावी.

कारागीर भावांसाठी

ब्रेकला तांब्याची फ्रिजची नळी वापरू नका, स्टीलचीच वापरा आणि तोंड दुहेरी वळवा. बूस्टरची पट्टी पातळ पत्र्यावर न बसवता मजबूत आधारावर बसवा. पत्रा वाकला तर निम्मे पेडल तिथेच जाते. पुश रॉडला थोडी मोकळीक ठेवा. घट्ट बसला तर ब्रेक चिकटून तापतात. शेवटी इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेले तर व्हॅक्यूम बूस्टर काम करतो. काम झाल्यावर काय बदलले ते कागदावर लिहून मालकाला द्या. नाव त्यानेच होते.

कायदा आणि विमा

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीतल्या बदलांवर बंधन घालते. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही. म्हणून काम काढण्याआधी धाराशिवच्या परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. त्याच मॉडेलला कंपनीने पुढे दिलेले सुटे भाग मिळत असतील तर तेच पसंत करावेत. अपघातानंतर विमा कंपनी आधी कागद बघते.

गठाण भिजली तर माल सवलतीत विकता येतो, उधारी बुडाली तर पुढच्या सीझनला भरून काढता येते. ब्रेक गेला तर त्याची भरपाई कोणत्याच हंगामात होत नाही. सीझन सुरू होण्याआधी एक दिवस गाडी मिस्त्रीकडे उभी करा, त्या दिवसाचे भाडे बुडाले तरी चालेल.