माउंट रोडवरचे बंद दुकान

न्यायालयाच्या आदेशाने हातोडा थांबतो. पण गळके छप्पर कोण थांबवणार? चेन्नईतल्या एका जुन्या दुकान-इमारतीची ही कहाणी आपल्या गावच्या पेठेलाही लागू पडणारी आहे.

एकेकाळच्या मद्रासमध्ये उंची खरेदी करायची म्हणजे माउंट रोड गाठायचा, असा रिवाजच होता. आज या रस्त्याला अण्णा सलाई म्हणतात. वाहनांची अखंड वर्दळ, दोन्ही बाजूंना कचेऱ्या आणि शोरूम, आणि २०१९ पासून रस्त्याखालून धावणारी मेट्रो. या गजबजाटात जनरल पॅटर्स रोडच्या कोपऱ्यावर लाल विटांची एक भव्य वास्तू वर्षानुवर्षे मुकी उभी राहिली. मनोरे, कमानी, जाळीदार नक्षी. पाहणाऱ्याला वाटावे एखाद्या संस्थानिकाचा राजवाडा. प्रत्यक्षात ते होते औषधांचे दुकान!

डब्ल्यू. ई. स्मिथ या इंग्रज औषधविक्रेत्याने १८९७ मध्ये ही इमारत उभारली. नाव ठेवले 'कार्डिल बिल्डिंग'. आराखडा होता जे. एच. स्टीफन्स यांचा. मद्रास उच्च न्यायालयाची १८९२ मध्ये पूर्ण झालेली सुप्रसिद्ध इमारत हेन्री आयर्विन यांनी बांधली, तेव्हा त्यांच्या हाताखाली हेच स्टीफन्स होते. हिंदू, मुस्लिम आणि युरोपीय शैलींचा मिलाफ दोन्ही वास्तूंत दिसतो.

पुढे स्मिथचा व्यवसाय स्पेन्सर कंपनीकडे गेला. १९३४ मध्ये लाहोरच्या भारत इन्शुरन्स कंपनीने ही इमारत घेतली आणि लोक तिला 'भारत बिल्डिंग' म्हणू लागले. १९५६ मध्ये विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले. २४५ संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले आणि भारत कंपनीबरोबर ही इमारतही महामंडळाकडे आली. याच रस्त्यावर १९५९ मध्ये महामंडळाची स्वतःची उंच इमारत पूर्ण झाली. ती काही काळ देशातली सर्वांत उंच इमारत होती. नव्याचे कौतुक होत असताना जुनीकडे मात्र दुर्लक्ष होत गेले.

हातोडा पडला

पुढे इमारत धोकादायक ठरली आणि हळूहळू रिकामी झाली. २००६ मध्ये पाडकामही सुरू झाले. 'इन्टॅक' ही वारसा जपणारी संस्था न्यायालयात गेली आणि काम थांबले. तोवर आतल्या भागाची बरीच मोडतोड झाली होती.

इमारत असुरक्षित आहे आणि ती आमच्या मालकीची आहे, ही मालकाची बाजू सहज उडवून लावण्यासारखी नव्हती. मोक्याच्या जागेवर जुन्या वास्तूपेक्षा खालच्या जमिनीचे मोल जास्त, हे गणित सगळीकडचेच. शिवाय मुंबईने १९९५ मध्ये वारसा वास्तूंसाठी नियमावली लागू केली होती, तशी चेन्नईत नव्हती. अखेर एप्रिल २०१० मध्ये उच्च न्यायालयाने इमारत पाडण्यास मनाई केली आणि वारसा समिती नेमण्यास सांगितले. ज्या न्यायालयाच्या वास्तूला स्टीफन्स यांचा हात लागला होता, त्याच न्यायालयाने त्यांचे दुकान वाचवले.

वाचले, पण वसले नाही

निकालानंतरही कित्येक वर्षे ही इमारत रिकामीच राहिली. खरी मेख इथेच आहे. पाडू नका, असे न्यायालय सांगू शकते; पण रोज दारे उघडा, झाडलोट करा, पन्हळी साफ करा, हे कोण करणार? राबता असलेल्या घरात छत गळले की त्याच दिवशी कळते. बंद घरात ते कळते तुळई कुजून खाली आल्यावर. पन्हळीत पाला साचतो, गच्चीवर पाणी तुंबते आणि चुन्याच्या भिंतीत ओल मुरते. पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेले पिंपळाचे बी भेगेत रुजते. दहा पावसाळ्यांत त्याची मुळे विटा उचकटून टाकतात. वरून सिमेंटचा गिलावा दिला तर ओल आतच कोंडते आणि इलाजच अपाय ठरतो.

याच रस्त्यावर उलट उदाहरणही आहे. १८४४ मध्ये सुरू झालेले हिगिनबॉथम्स हे पुस्तकांचे दुकान १९०४ पासूनच्या आपल्या इमारतीत आजही ग्राहकांचे स्वागत करते. वय जवळजवळ सारखे, रस्ता तोच, पाऊस तोच. फरक एवढाच, की तिथे सकाळी कोणीतरी कुलूप काढते.

आपल्या पेठेतले काय?

मालकानेच सारा भार सोसावा, ही अपेक्षाही रास्त नाही. मुंबईच्या नियमावलीत वारसा वास्तूच्या मालकाला न वापरलेले बांधकामाचे हक्क दुसरीकडे विकण्याची सोय आहे. दुरुस्तीसाठी पैसा उभा करण्याचा हा एक मार्ग आहे.

आपल्या गावच्या मुख्य पेठेतही एखादे लाकडी फळ्यांचे बंद दुकान असतेच. कोर्टकचेरी चालू असते, वारसांचे जमत नाही. निकाल लागेल तेव्हा लागो. पण पावसाळ्यापूर्वी पन्हळ साफ करायला आणि भिंतीतला कोवळा पिंपळ उपटायला कोणाच्या सहीची वाट पाहायची? तेवढे सर्व वारसांनी मिळून केले, तरी वाटणीच्या दिवशी वाटायला काहीतरी उभे असेल.