रोमच्या अवशेषांतील मांजरे : निवारा, निर्बीजीकरण आणि नवे घर

रोम शहराच्या मध्यभागी, लार्गो दि तोर्रे अर्जेंतिना या चौकात, रस्त्याच्या पातळीपासून सुमारे सहा मीटर खाली रोमन प्रजासत्ताकाच्या काळातील चार मंदिरांचे अवशेष आहेत. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात नव्या बांधकामासाठी जुनी वस्ती पाडली जात असताना ते उजेडात आले, १९२९ मध्ये उत्खननस्थळ म्हणून त्यांचे उद्घाटन झाले, आणि मंदिरांच्या पाठीमागे दिसणारा दगडी पाया हा इसवी सनापूर्वी ४४ मध्ये ज्युलियस सीझरची हत्या जेथे झाली त्या पाँपेच्या सभागृहाचा असल्याचे अभ्यासक मानतात. पुरातत्त्वाच्या ग्रंथांत या जागेचे महत्त्व या हत्येशी आणि मंदिरांशी निगडित आहे. प्राणिकल्याणाच्या इतिहासात मात्र तिला वेगळे स्थान आहे, कारण बेवारस मांजरांचा निवारा कसा चालवावा, तो काय साधू शकतो आणि कोठे थिटा पडतो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे येथे गेल्या तीन दशकांच्या अनुभवातून मिळतात.

उत्खननाने तयार झालेला हा खोलगट, चहूबाजूंनी बंदिस्त आणि वाहनांपासून सुरक्षित भाग मांजरांनी लगेच आपलासा केला. त्यांना रोज अन्न आणून देणाऱ्या स्त्रियांना रोममध्ये ‘गात्तारे’ म्हणजे ‘मांजरवाल्या’ म्हणतात, आणि ही परंपरा शहरात एवढी रुळलेली आहे की शेजारच्या अर्जेंतिना नाट्यगृहात काम करीत असताना विख्यात अभिनेत्री आन्ना मान्यानीही येथील मांजरांना खाऊ घालीत असे, अशी आठवण आजही सांगितली जाते. परंतु नुसते अन्न देण्याला एक मर्यादा आहे. मांजरीचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असतो, ती पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, एका वेताला सामान्यतः तीन ते पाच पिल्ले होतात आणि वर्षात एकाहून अधिक वेळा ती विऊ शकते. त्यामुळे पोटभर अन्न मिळणारी, पण प्रजननावर कोणतेही नियंत्रण नसलेली वस्ती वाढतच जाते आणि त्या वाढीची किंमत पिल्ले रोगराईने व उपासमारीने चुकवतात.

१९९३ मध्ये लिआ देक्वेल आणि सिल्विया व्हिव्हियानी या दोन स्त्रियांनी हे काम हाती घेतले तेव्हा त्यांच्याजवळ होती ती रस्त्याखालची एक दमट, गुहेसारखी, एका टोकाला वाकूनच शिरता येईल अशी जागा. व्हिव्हियानी या पूर्वी ऑपेरा गायिका होत्या. आरंभी तेथे वीज नव्हती आणि वाहते पाणीही नव्हते; तरीही याच जागेत अन्न साठवणे, आजारी मांजरे ठेवणे आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांची शुश्रूषा करणे ही सर्व कामे होत होती. पुढे इटलीतील प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका ब्रिटिश संस्थेचे साहाय्य मिळाले, अवशेष पाहण्यास येणाऱ्या परदेशी पर्यटकांच्या देणग्या सुरू झाल्या आणि या अनौपचारिक सेवेला संस्थेचे रूप आले. दोन व्यक्तींच्या चिकाटीचे श्रेय त्यात मोठे आहे, हे निःसंशय. पण त्या चिकाटीला कायद्याचा आधार नसता तर ती किती काळ टिकली असती, हा प्रश्न विचारणे भाग आहे.

तो आधार १९९१ च्या २८१ क्रमांकाच्या राष्ट्रीय कायद्याने दिला. पाळीव प्राणी आणि प्राण्यांचे बेवारसपण या विषयावरील या कायद्याने मोकळ्या राहणाऱ्या मांजरांना छळापासून संरक्षण दिले. सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने त्यांचे निर्बीजीकरण करावे आणि त्यांना पुन्हा त्यांच्या कळपात सोडावे अशी तरतूद केली. आणि गंभीर वा असाध्य आजार असल्याखेरीज त्यांना मारता येणार नाही असे ठरविले. प्राणिरक्षक संस्थांना आरोग्य यंत्रणेशी करार करून मांजरांच्या वस्त्यांची देखभाल करण्याचीही मुभा मिळाली. मांजराला कोणाच्या तरी मालकीची वस्तू किंवा उपद्रवी प्राणी या दोनच वर्गांत न बसवता, ‘मोकळे राहणारे मांजर’ असा तिसरा वर्ग या कायद्याने मान्य केला, ही त्यातील सर्वांत दूरदर्शी गोष्ट होय.

या तिसऱ्या वर्गाचे महत्त्व निवाऱ्याच्या रोजच्या कामात कळते. रस्त्यावरचे प्रत्येक मांजर वाचवून घरात नेले पाहिजे, ही भावना कितीही प्रामाणिक असली तरी मांजराच्या स्वभावाशी ती जुळत नाही. वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा पिल्लाच्या समाजीकरणाचा, म्हणजे कोणाला आपले मानावे हे शिकण्याचा काळ असतो. या अवधीत माणसाचा हात, वास आणि आवाज यांचा परिचय झाला तर पिल्लू माणसाळते, आणि तो झाला नाही तर पुढे ते माणसाला शत्रूच समजते. असे पूर्ण वाढलेले रानवट मांजर पिंजऱ्यात अथवा चार भिंतींत कोंडले की ते खाणे सोडते, कोपऱ्यात दडून बसते आणि तणावाने आजारी पडते. उलट, घरातून टाकून दिलेले मांजर भेदरलेले असले तरी काही दिवसांत जवळ येते, कारण माणसाची सवय त्याला आधीपासून असते. म्हणून नव्याने आलेले मांजर रानवट आहे, घाबरलेले आहे की टाकलेले आहे, ही पारख करणे हे निवारा चालविणाऱ्याचे पहिले कौशल्य आहे. रानवट मांजरासाठी सापळा-पिंजरा, निर्बीजीकरण, लसीकरण आणि मूळ जागी परत सोडणे हा मार्ग. पिल्लांसाठी आणि माणसाळलेल्या मांजरांसाठी दत्तक घर हा मार्ग. शस्त्रक्रिया झालेल्या मांजराच्या कानाचे टोक भूल उतरण्यापूर्वी किंचित कापतात, जेणेकरून ते लांबूनही ओळखता यावे आणि पुन्हा पकडले जाऊ नये.

वैद्यकीय बाजूही तितकीच काटेकोर असावी लागते. मांजरांतील पॅनल्युकोपेनिया हा आजार पार्व्हो जातीच्या विषाणूमुळे होतो, तो लस न घेतलेल्या पिल्लांना पाहता पाहता संपवतो आणि त्याचा विषाणू फरशीवर, भांड्यांवर, कपड्यांवर महिनोन्‌महिने तग धरतो. त्यामुळे नवे मांजर काही दिवस विलग न ठेवता थेट इतरांत सोडणारा निवारा दयेच्या भरात स्वतःच्याच मांजरांचा घात करतो. मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा एफआयव्ही हा विषाणू मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो, आणि निर्बीजीकरणानंतर बोक्यांची मारामारी कमी होत असल्याने त्याचा प्रसारही मंदावतो. तो माणसाला होत नाही. डोळ्यांच्या संसर्गामुळे दृष्टी गेलेली पिल्ले आणि अपघातात पाय गमावलेली मांजरे यांची रवानगी परत रस्त्यावर करता येत नाही, आणि तोर्रे अर्जेंतिनासारख्या निवाऱ्यांचा बराचसा खर्च अशा कायमच्या रहिवाशांवर होतो. त्यांच्यासाठी तेथे ‘दूरस्थ दत्तक’ पद्धत आहे : एखादी व्यक्ती, मग ती दुसऱ्या देशातील असली तरी, एका विशिष्ट मांजराच्या पालनपोषणासाठी ठरावीक रक्कम पाठवते आणि मांजर निवाऱ्यातच राहते. पर्यटकांची क्षणिक हळहळ नियमित उत्पन्नात बदलण्याची ही युक्ती अनुकरणीय आहे.

या सर्व प्रयत्नांचे फळ काय, याचे उत्तर सुदैवाने आकड्यांत उपलब्ध आहे. जीवशास्त्रज्ञ एउजेनिया नातोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये रोममधील दहा वर्षांच्या कामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९९१ ते २००० या काळात जवळजवळ ८,००० मांजरे निर्बीजीकरण करून आपापल्या वस्तीत परत सोडली गेली होती. पाहणी केलेल्या १०३ वस्त्यांपैकी ५५ मध्ये संख्या घटली, २० मध्ये स्थिर राहिली, २८ मध्ये मात्र वाढली, आणि एकूण घट सुमारे २२ टक्के भरली. हे यश कमी नाही. परंतु त्याच अभ्यासात असेही दिसले की टाकून दिलेली आणि आपणहून आलेली अशी नवी मांजरे वस्त्यांत सुमारे २१ टक्के या प्रमाणात भर घालीत होती. पाळीव मांजरांच्या प्रजननाबाबत लोकशिक्षण झाले नाही तर हा सारा खटाटोप म्हणजे पैसा, वेळ आणि शक्ती यांचा अपव्यय ठरेल, असा कठोर निष्कर्ष संशोधकांनी काढला. निवारा किती मांजरे सांभाळतो यावरून त्याचे मोठेपण ठरविण्याची सर्वत्र जी सवय आहे, ती या निष्कर्षापुढे टिकत नाही. निवाऱ्याच्या दारात मांजरे येतात ती घरांतून, आणि ती येणे थांबवायचे तर उपायही घरांतच करावा लागतो.

घरातले मांजर टाकले जाते त्याची कारणे देशोदेशी सारखीच आहेत : घर बदलणे, लग्न, घरमालकाची हरकत, ॲलर्जी, अनपेक्षित वेत. आणखी एक कारण निव्वळ अज्ञानाचे असल्याने त्याविषयी सविस्तर सांगणे आवश्यक आहे. घरात कोणी गरोदर राहिले की टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या भीतीने मांजर घराबाहेर काढले जाते. हा परजीवी गर्भाला अपायकारक ठरू शकतो हे खरे. परंतु मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडल्यावर तो संसर्गक्षम होण्यास किमान एक दिवस तरी लागतो, म्हणून शौचाची पेटी घरातील दुसऱ्या कोणी रोजच्या रोज साफ केली तर तो धोका जवळजवळ उरत नाही, आणि अर्धवट शिजवलेले मांस, न धुतलेली भाजी व बागेतील माती या मार्गांनी होणारा संसर्ग मांजर हाकलून टळत नाही. डॉक्टरांनी गरोदर स्त्रीला एवढे दोन शब्द सांगितले तरी कित्येक मांजरांचे घर वाचेल.

दत्तक देण्याची प्रक्रिया हीदेखील घरांतून मांजरे टाकली जाण्यावरचाच उपाय आहे. नवे घर देण्यापूर्वी निर्बीजीकरण करणे किंवा तसा लेखी करार घेणे, खिडक्यांना व गॅलरीला जाळी आहे का हे पाहणे, घरातील सर्वांची संमती विचारणे, आणि मांजर परत करण्याची वेळ आली तर ते रस्त्यावर न सोडता निवाऱ्याकडेच आणण्याची अट घालणे, या गोष्टी इच्छुकांना जाचक वाटतात. पण घाईने दिलेले मांजर थोड्याच दिवसांत पुन्हा बेवारस होते. नव्या घरात पहिले काही दिवस एकाच शांत खोलीत अन्न, पाणी, शौचाची पेटी आणि लपायला जागा देऊन मांजराला आपणहून बाहेर येऊ द्यावे, ही सूचना पाळली न गेल्याने अनेक दत्तके फसतात.

तोर्रे अर्जेंतिनाचा पुढचा प्रवास निर्वेध नव्हता. २००१ मध्ये रोमच्या नगरपरिषदेने कलोसियम, फोरम आणि तोर्रे अर्जेंतिना येथील मांजरे शहराच्या ‘जैव-सांस्कृतिक वारशा’चा भाग असल्याचे जाहीर केले, तरीही २०१२ मध्ये पुरातत्त्व खात्याने प्राचीन वास्तूलगतचे निवाऱ्याचे बांधकाम बेकायदेशीर ठरवून ते हलविण्यास सांगितले. खात्याची भूमिका अवास्तव नव्हती, कारण अमूल्य अवशेषांची जबाबदारी त्याच्यावर आहे. पण जनमत मांजरांच्या बाजूने उभे राहिले आणि निवारा जागेवरच राहिला. २०२३ मध्ये बुल्गारी या कंपनीच्या आर्थिक साहाय्याने बांधलेल्या मार्गिकांवरून हे अवशेष पर्यटकांना जवळून पाहण्यास खुले झाले, तेव्हाही मांजरे तेथेच होती.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा रोमच्या निवाऱ्याहून जुनी आहे. प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी मुंबईत १८७४ मध्ये संस्था स्थापन झाली आणि परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून जनावरांवर उपचार करीत आहे. आज मासळी बाजार, रुग्णालयांची आवारे आणि गृहनिर्माण सोसायट्या येथील मांजरांना सांभाळणारी माणसे प्रत्येक शहरात आहेत. स्वतःच्या पगारातून ती शस्त्रक्रियांचा खर्च करतात, गोणीत भरून टाकलेली पिल्ले बाटलीने दूध पाजून जगवतात आणि सोसायटीतील तक्रारींना तोंडही देतात. त्यांच्या पाठीशी कायदा मात्र दुबळा आहे. इटलीत २००४ च्या सुधारणेनंतर प्राण्याला टाकून देणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. भारतात प्राणी क्रूरता प्रतिबंध अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार, उपासमारीने वा तहानेने त्याला वेदना होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण टाकून देणे हा गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्यासाठी दंड किमान १० आणि कमाल ५० रुपये इतकाच आहे. कित्येक दशकांपूर्वी ठरलेली ही रक्कम आज एका लसीच्याही किमतीला पुरत नाही. हा दंड संसदेने तातडीने वाढवावा, नगरपालिकांनी मांजरांच्या निर्बीजीकरणासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करावी, आणि तोपर्यंत ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी ते पाच महिन्यांचे होताच त्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी.